बावड्याचे शंकरराव पाटील
(स्वागताध्यक्षीय भाषण)

शंकरराव बाजीराव पाटील बावड्याचे. इंदापूरचे आमदार, राज्याचे मंत्री, आणि १९८० व १९८९ साली बारामतीतून निवडून आलेले काँग्रेसचे खासदार. मधल्या १९८४ च्या निवडणुकीत ही जागा शरद पवारांकडे गेली, १९९१ साली अजित पवार निवडून आले. त्यामुळे बारामतीचा राजकीय इतिहास सांगताना शंकररावांचे नाव ओझरतेच येते. इंदापूरकर त्यांना ‘कर्मयोगी’ म्हणतात, ते मात्र खासदारकीसाठी नव्हे.

इंदापूर तालुक्याच्या एका अंगाला नीरा, दुसऱ्या अंगाला भीमा. नरसिंगपूरला दोघींचा संगम. तरीही मधला मोठा पट्टा कोरडाच. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आधी बारामतीला मिळे. इंदापूर शेपटाला, म्हणून आवर्तन लांबले की पीक वाळलेच. १९३४ साली वालचंदनगरचा कारखाना निघाला, पण तो खासगी. लोणीला १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, आणि शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर गाळप होते हे सगळ्यांनी पाहिले. पुढे भवानीनगरला छत्रपती कारखाना झाला. नीरेपलीकडे अकलूजला शंकरराव मोहिते पाटलांनी तेच केले.

उजनी धरणाने भीमाकाठची पळसदेवसारखी गावे पाण्याखाली गेली. त्याच फुगवट्यावर उपसा योजना झाल्या, मोटारी बसल्या आणि ऊस वाढला. हा ऊस गाळायला बिजवडीला इंदापूर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शंकररावांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम हेच. पुढे कारखान्याला त्यांचेच नाव देण्यात आले. गाळप हंगाम सुरू होऊन गव्हाणीत मोळी पडली की गावोगावच्या सभासदाला तोडीची पाळी, काट्यावरचे वजन आणि ऊसबिलाची पहिली उचल यांचेच वेध लागतात. आमदार-मंत्र्यांचे वजनही इथे शेवटी त्याच काट्यावर ठरते.

शंकररावांचे पुतणे हर्षवर्धन पाटील १९९५ साली अपक्ष आमदार झाले, पुढे सहकारमंत्रीही. शहाजीनगरला नीरा-भीमा हा दुसरा कारखाना त्यांच्याच पुढाकाराने निघाला. घराण्याकडे सत्ता राहिली, हे सहकाराचे बळ की दुखणे, याचे उत्तर साखरपट्ट्यातल्या बहुतेक तालुक्यांना द्यावे लागते.

बावड्यात आलेल्या प्रतिनिधींचे स्वागत करताना सहकाराची आणखी एक बाजू सांगायला हवी. शेअर सभासदाचा, मत सभासदाचे. मराठवाड्यातून येणारी कोयत्याची जोडी, म्हणजे ऊसतोड करणारे नवरा-बायको, आगाऊ उचल घेते ती मुकादमाकडून, हंगामभर ऊस तोडते आणि वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून वरखर्च भागवते. कारखान्याच्या मतदारयादीत तिचे नाव नसते.