तालीम उघडणाऱ्या मुलीला कर्ज द्यावं का?

राजापूर तालुक्यातल्या नाटे गावातून आम्ही बचतगटाच्या बायका आज तुमच्याशी बोलतोय.

गटाकडे कर्जाचे अर्ज येतात ते ठरलेले. कुणाला मासळीच्या धंद्याला भांडवल हवं असतं, कुणाला शिलाई मशीन, कुणाला आंबा-फणसाच्या हंगामात बरण्या आणि साखर. या वेळी मात्र गटातल्या एका ताईंची बावीस वर्षांची लेक अर्ज घेऊन आली. तिने कराटे शिकून काळा पट्टा मिळवला आहे. तिला वाडीतल्या मुलींसाठी वर्ग काढायचाय आणि जमिनीवर घालायच्या गाद्यांसाठी पंधरा हजार रुपये हवेत.

बैठकीत बराच वेळ चर्चा झाली. मुली येतील का? लोक काय म्हणतील? उद्या हिचं लग्न झालं की वर्ग बंद, मग हप्ते कोण भरणार? प्रश्न चुकीचे नव्हते. पैसा सगळ्यांचा आहे.

पण तरण्या वयात तालीम उघडणं ही काही नवी गोष्ट नाही. लहुजी साळवे १७९४ साली पुरंदरच्या पायथ्याच्या पेठ गावात जन्मले. १८१७ च्या खडकीच्या लढाईत त्यांचे वडील गेले. त्यानंतर पाचच वर्षांत, १८२२ साली, लहुजींनी पुण्यात तालीम काढली. तेव्हा ते तिशीच्याही आत होते. तिथे दांडपट्टा, तलवार, नेमबाजी शिकवत. पुढे जोतिराव फुलेही त्यांच्याकडे शिकले. १८४८ मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा काढली, लोकांनी त्रास दिला, तेव्हा लहुजी वस्ताद त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्याच घराण्यातली मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेत शिकली आणि १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तालीम आणि मुलींची शाळा अशा एकमेकींच्या आधाराने उभ्या राहिल्या.

दुसरं उदाहरण लांबचं, जपानचं. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात ज्युदोची शाळा सुरू केली. वय एकवीस, जागा बारा चटयांची, विद्यार्थी मोजकेच. तीच ज्युदो आज ऑलिंपिकमध्ये खेळतात. त्या शाळेत बायकांसाठी वेगळा विभाग निघाला तो १९२६ साली. म्हणजे सुरुवात करायला मोठा हॉल लागत नाही, आणि बायकांसाठी दार मात्र कुणीतरी मुद्दाम उघडावं लागतं.

मग आम्ही कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. महिना दीडशे रुपये फी आणि वीस मुली धरल्या तर तीन हजार जमतात. दहा हप्ते केले तर मुद्दल दीड हजार आणि शेकडा एक रुपयाने पहिल्या महिन्याचं व्याज दीडशे. तिच्या हातात उरतात साडेतेराशे. एवढ्यावर घर चालत नाही. म्हणून सकाळची नोकरी तिने सोडायची नाही, वर्ग संध्याकाळीच, हे आधी ठरलं. गणपतीत, शिमग्यात आणि परीक्षेच्या दिवसांत फी येणार नाही, हेही धरलं आणि वर्षाचे दहाच हप्ते ठेवले. गाद्या कर्ज फिटेपर्यंत गटाच्या नावावर राहतील. लग्नाचं म्हणाल, तर शिलाई मशीनसुद्धा लेकीबरोबर सासरी जातं. त्या कर्जाला आपण कधी नाही म्हटलं?

पैशाइतकाच विचार आम्ही मुलींच्या सुरक्षिततेचा केला. वर्ग सभामंडपासारख्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी घ्यायचा. रोज गटातली एक बाई पाळीने तिथे बसेल. काळोख पडायच्या आत मुली घरी पोचल्या पाहिजेत. आईवडिलांची लेखी संमती घ्यायची. दम्याचा किंवा दुसरा काही आजार असेल तर आधी सांगायचं. प्रथमोपचाराची पेटी हाताशी हवी. गणवेश आणि पट्ट्याच्या परीक्षेचा खर्च पहिल्याच दिवशी सांगायचा. मागाहून पैसे मागायचे नाहीत. तुमच्या गावात बाहेरून शिक्षक येत असेल, तर त्याचं प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचं आहे ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या.

आणि शिकवायचं काय? त्या मुलीनेच बैठकीत सांगितलं, "मावशी, लाथ मारणं नंतर. आधी मोठ्याने ओरडायला शिकवेन." आमच्या मुलींना लहानपणापासून हळू बोल म्हणून सांगितलेलं असतं. पोटातून आवाज काढायलाच कितीतरी दिवस जातात. मग पाय रोवून उभं राहणं, धरलेला हात सोडवणं, पळणं आणि घरी येऊन सांगणं.

हे शेवटचं फार महत्त्वाचं. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, मग तो अत्याचार घरातल्या माणसाने केलेला असो की शिक्षकाने. संकटात ११२, मुलांसाठी १०९८ आणि बायकांसाठी १८१ हे नंबर पाठ असू द्या.

एक गोष्ट आम्ही आयांकडून कबूल करून घेतली. कधी कुणा मुलीवर प्रसंग आला आणि तिचा हात उचललाच गेला नाही, तर "मग कराटे शिकून काय उपयोग?" असं कुणी म्हणायचं नाही. भीतीने अंग गोठतं, त्यात तिचा दोष नाही. दोष ज्याने हात टाकला त्याचा.

कर्ज मंजूर झालं. दोघींचा विरोध होता, तो इतिवृत्तात लिहिला आहे. त्यातल्या एकीने दुसऱ्या दिवशी नातीचं नाव दिलं. दुसरी अजून बघू म्हणते. तिचंही बरोबर आहे, वर्ग चालला तरच तिची खात्री पटेल.

तुमच्या गटापुढे अशी मुलगी आली, तर "लोक काय म्हणतील" याआधी तिला तीन गोष्टी विचारा: जागा कुठली, वेळ कोणती, हिशेब काय. उत्तरं नीट मिळाली तर तिच्या मागे उभ्या राहा, आणि पाळीने वर्गात जाऊन बसा.