मोटारसायकलची तापलेली टांकी

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेस पर्जन्यछायेंत जतचा खडकाळ माळ पसरलेला आहे. वैशाखांत तेथें पारा ४० अंशांजवळ जातो. अशा दुपारीं वस्तीवरचा मनुष्य दगडांतून वाट काढीत पहिल्या गिअरमध्यें मोटारसायकल हांकतो, तेव्हां इंजिनाला श्रम फार आणि वारा थोडा, अशी स्थिति होते. पाय न टेकतां अडथळे ओलांडण्याच्या ‘ट्रायल्स’ नामक स्पर्धेंतहि तसेंच घडतें. त्या गाडीच्या टांकींत पेट्रोल थोडें मावतें, म्हणून तें लवकर तापतें.

उष्णतेनें पेट्रोल फुगतें. १० लिटर पेट्रोल २० अंशांनीं तापलें, तर तें सुमारें २०० मिलिलिटरांनीं वाढतें. शिवाय त्यांतील हलके अंश ४० अंशांच्या आंतच उकळूं लागतात. झांकणाचें श्वासरंध्र धुळीनें बुजलें असेल, तर वाफेच्या दाबास वाट उरत नाहीं.

गाडी थांबली कीं धोका सरला, असें वाटतें. परंतु तेव्हां वारा थांबतो आणि इंजिनाची धग टांकीस लागतच राहते. त्याच क्षणीं झांकण उघडल्यास पेट्रोल उसळून तप्त इंजिनावर पडूं शकतें. त्याची वाफ हवेहून जड असल्यानें जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेंहि पेट घेते.

म्हणून टांकी कांठोकांठ भरूं नये, श्वासरंध्र स्वच्छ ठेवावें आणि झांकण उघडण्यापूर्वीं गाडी बाभळीच्या सावलींत निवूं द्यावी. घटकाभर उशीर झाला, तरी मनुष्य घरीं सुखरूप पोंचतो.