ऐकलेलें आणि समजलेलें



१६ एप्रिल २०२५ रोजीं अमरावतीजवळ बेलोरा येथें मुंबईचें प्रवासी विमान उतरलें आणि वऱ्हाडच्या या भागास नियमित हवाई वाहतूक लाभली. आगगाडी आमच्या परिचयाची. बदनेऱ्यास अगर अकोल्यास ती थांबते सिग्नल पाहून. तांबडा दिवा समजण्यास भाषा लागत नाहीं. विमानाच्या वाटेवर असे खांब नाहींत. तेथें मोठी भिस्त मनुष्याच्या शब्दावर. जमिनीवरचा नियंत्रक रेडिओवरून उंची व दिशा सांगतो. वैमानिक तीच आज्ञा उलट म्हणून दाखवितो. नियंत्रक ती बरोबर आहे कीं नाहीं हें पाहतो. शाळेंत आम्ही पाठ म्हणवून घेत असूं, त्यांतलाच हा प्रकार. ही सांखळी कोठें तुटते, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

२४ जानेवारी १९६६ रोजीं एअर इंडियाचें 'कांचनजंगा' विमान मुंबईहून दिल्ली व बैरूतमार्गें जिनिव्हास उतरण्याच्या बेतांत होतें. त्यांत डॉ. होमी भाभा होते. दिशादर्शक संकेत घेणाऱ्या यंत्रांपैकीं एक बंद होतें. मोंब्लां पर्वत मागें पडला, असा वैमानिकाचा समज झाला. नियंत्रकास रडारवर ती चूक दिसली व विमानाचें खरें स्थान त्यानें कळविलेंही; परंतु त्या शब्दांत पुरेसा नेमकेपणा नव्हता. वैमानिकानें आपल्या समजुतीस जुळेल तो अर्थ घेतला आणि खालीं उतरणें चालूच ठेवलें. शिखराजवळ ११७ माणसें मृत्यु पावलीं. सत्य सांगितलें गेलें होतें, ऐकलेंही गेलें होतें. समजलें मात्र नव्हतें.

२७ मार्च १९७७ रोजीं कॅनरी बेटांपैकीं तेनेरीफ येथें दाट धुक्यांत दोन जंबो विमानें एकाच धावपट्टीवर होतीं. डच विमानास पुढील मार्ग सांगितला गेला होता. उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती. त्यांतून "आतां आम्ही टेक-ऑफला" अशा अर्थाचें संदिग्ध वाक्य आलें. नियंत्रक प्रथम "ओके" म्हणाला व मग थांबण्यास सांगूं लागला. त्याच क्षणीं अमेरिकन विमानांतूनही कोणी बोललें. दोन आवाज मिसळून कर्कश शिट्टी झाली; "ओके" तेवढें स्वच्छ ऐकूं आलें. तरीही एक संधि उरली होती. अमेरिकन विमान बाजूस झालें नाहीं काय, असें डच विमानांतील अभियंत्यानें विचारलें. अनुभवी कप्तानानें ठामपणें "झालें" म्हटलें; विमान धावतच राहिलें. ५८३ जीव गेले.

आपल्या देशांत १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरीच्या आकाशांत सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसें दगावलीं. कझाक विमानास १५,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती. समोरून १४,००० फुटांवर दुसरें येत आहे, हेंही सांगितलें होतें. पण इंग्रजींत बोलणारा रेडिओ-चालक वेगळा आणि विमान हांकणारे वेगळे. विमान आज्ञेखालीं उतरलें. दिल्लीच्या तेव्हांच्या रडारवर उंची दिसत नव्हती.

या दुःखांतून नियम निघाले. तेनेरीफनंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देतांना अगर ती रद्द करतांनाच उच्चारावा, असें ठरलें. मराठींत 'सात' आणि 'साठ' यांचा घोटाळा होतो. तसा 'फाइव्ह' व 'नाइन' यांचा होऊं नये म्हणून नवास 'नायनर' म्हणतात. चरखी दादरीनंतर टक्करीची आगाऊ सूचना देणारें यंत्र भारतांत सक्तीचें झालें. २००८ पासून वैमानिक व नियंत्रक यांच्या इंग्रजी संभाषणाची जागतिक कसोटीही लागू झाली.

परंतु सर्वांत मोलाचा धडा त्या अभियंत्याच्या प्रश्नाचा आहे. कनिष्ठानें शंका बोलून दाखवावी व वरिष्ठानें ती थांबून ऐकावी, असें आतां वैमानिकांस मुद्दाम शिकवितात. आमच्या घरांत व शाळांत वडिलांपुढें "समजलें नाहीं" म्हणणें हा उद्धटपणा ठरतो. मूल निमूटपणें "हो" म्हणतें आणि आम्ही त्यास विनय म्हणतों. बेलोऱ्यास वैमानिकांची शाळा काढण्याचें एअर इंडियानें २०२४ मध्यें जाहीर केलें. आमचीं मुलें तेथें जातील, तेव्हां यंत्र चालविणें त्यांस शिक्षक शिकवितील. "पुन्हा सांगा" म्हणण्याचें धैर्य मात्र त्यांनीं घरून न्यावयाचें आहे. तें देणें आपल्या हातीं आहे.