लवचिक सांध्याचें महत्त्व



पावसाळ्याच्या अखेरीस घरांत कोणी तापानें फणफणलें आणि 'डेंगी' हा शब्द कानीं आला, कीं पहिला प्रश्न निघतो, "यावर औषध कोणतें?" वैद्यक याचें उत्तर संकोचानेंच देतें. शरीरांतील पाणी राखावें, रोग्यावर सतत नजर ठेवावी. परंतु प्रत्यक्ष विषाणूवर घाव घालील असें रूढ औषध नाहीं. असा घाव कोठें घालतां येईल, हें शोधतांना शास्त्रज्ञांची दृष्टि एका इवल्याशा सांध्याकडे वळली आहे.

एडीस जातीच्या डासामार्फत येणारा हा विषाणु म्हणजे सुमारें १०,७०० अक्षरांचें एक आज्ञापत्र. तें पेशींत शिरलें कीं त्याच्या हुकुमानें १० प्रथिनें तयार होतात. त्यांतील सर्वांत मोठें 'एनएस-५'. त्याचा मागील भाग आज्ञापत्राच्या नकला उतरतो. पुढील भाग नकलांच्या मस्तकावर ओळखीची मुद्रा उमटवितो, म्हणजे पेशीला त्या परक्या वाटत नाहींत.

या प्रथिनांत सुमारें ९०० अमिनो आम्लें आहेत. पण दोन भागांना जोडणारा दुवा अवघ्या १० आम्लांचा. २०१३ सालीं जपानी मेंदूज्वराच्या व २०१५ सालीं डेंगीच्या विषाणूंतील या प्रथिनाची घडण उलगडली. दोहोंतहि भाग तेच, पण त्यांची परस्परांतील ठेवण निराळी! दुवा वळूं शकतो, याचीच ही खूण. २०१५ सालींच सिंगापुरांतील संशोधकांनीं दुव्यांतील आम्लें बदलून पाहिलीं. कांहीं बदलांनीं विषाणूची वाढ खुंटली. दुव्याची लवचिकता वाढीस अत्यावश्यक आहे, असा निष्कर्ष त्यांनीं काढला.

कोपरास फळ्या बांधल्या तर खांदा व पंजा धडधाकट असूनहि घांस तोंडापर्यंत पोंचत नाहीं. तसाच हा प्रकार. म्हणून या सांध्यांत पाचर बसवील असा एखादा रेणु सांपडला, तर विषाणूचा हा कारकून जागींच जखडेल, अशी आशा वाटते.

आशा म्हणजे औषध नव्हे. प्रयोगशाळेंतून रोग्याच्या उशापर्यंतची वाट लांब आहे. तोंवर कुंड्यांखालचें व पिंपांतलें साचलेलें पाणी ओतून टाकण्याचें काम आपलेंच आहे. तें आज सायंकाळींच करावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.