ज्याची त्याने भरावी भाकरी

आज मी तुमच्याशी टाकोबद्दल बोलणार आहे. टाको मूळचा मेक्सिकोचा. मक्याची तळहाताएवढी भाकरी, तिच्यात खमंग सारण, वर बारीक कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. दुमडायची आणि हातातच धरून खायची. आपल्याकडे मॉलमध्ये मिळतो तो बहुधा कडक, तळलेल्या कवचातला. दुकानातून विकत आणायचं ते तयार कवच अमेरिकेत रुळलं. मेक्सिकोत रोजच्या खाण्यातली भाकरी तव्यावरची, मऊ असते. मेक्सिकोच्या या मका, मिरची आणि घेवड्यावर उभ्या असलेल्या पाककलेचा २०१० साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

मला मात्र पदार्थापेक्षा तो घरी वाढण्याची एक रीत सांगायची आहे. भाकऱ्या फडक्यात गुंडाळून मधोमध ठेवायच्या, भोवती सारणांची पातेली आणि कोशिंबिरींच्या वाट्या मांडायच्या, आणि प्रत्येकाने आपली भाकरी आपण भरून घ्यायची. पार तिकडे नॉर्वे-स्वीडनमध्ये शुक्रवारची रात्र म्हणजे घरच्या टाकोची रात्र, असं गेल्या काही दशकांत ठरून गेलं आहे. तिथे ते जमलं. वसई-विरारमध्ये ते त्याहून जास्त जमेल, असं मला मनापासून वाटतं.

याचं कारण आपल्या गाड्यांच्या वेळापत्रकात आहे. विरारपर्यंत विजेची लोकल १९३६ साली आली आणि तेव्हापासून आपल्या तालुक्याची रात्रीची जेवणं गाडीच्या वेळेवर होतात. एक जण साडेसातला घरात येतो, दुसरी नऊला, धाकट्याचा क्लास मधेच सुटतो. प्रत्येकाला गरम भाकरी हवी. म्हणजे तवा पुन्हा पुन्हा चढतो आणि तव्यापाशी उभी असलेली बाई सगळ्यांत शेवटी, बहुतेकदा एकटी जेवते. ती स्वतःही त्याच गाडीने आलेली असते, हे विसरू नका. आठवड्यातली एक रात्र तरी तिने सगळ्यांबरोबर बसून जेवावं, एवढ्यासाठी मी हा टाको घरात आणते आहे.

आता भाकरीचं बघू. मक्याचं पीठ आणायला जाल तेव्हा एक ध्यानात ठेवा. वाण्याकडे कॉर्नफ्लॉवर म्हणून पांढरी भुकटी मिळते, ते मक्याचं सत्त्व. सूप दाट करायला ठीक, भाकरीला निरुपयोगी. मक्याच्या रोटीचं पिवळं पीठ घ्या. पण त्याचीही भाकरी दुमडताना तडकते. मेक्सिकोच्या बायकांची तडकत नाही, कारण त्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. एक किलो सुक्या दाण्यांना साधारण दहा ग्रॅम खायचा चुना, स्टीलच्या पातेल्यात. ॲल्युमिनियमचं भांडं चुना खातो. अर्धा-पाऊण तास मंद शिजवायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी चोळून सालं काढायची, तीन-चार पाण्यांत धुवायचं आणि ओलंच वाटायचं. त्या पिठाला चिकटपणा येतो आणि एक वेगळाच मातकट, गोडसर वास येतो.

हा चुना केवळ भाकरी वळावी म्हणून नाही. मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की पोटात जाऊनही अंगी लागत नाही. चुन्याने ते मोकळं होतं. युरोपियांनी मका नेला, पण ही कृती नेली नाही. मग स्पेन आणि उत्तर इटलीत ज्या गरिबांचं पोट मक्यावरच भरत होतं, त्यांची कातडी सोलवटायला लागली, अतिसार आणि भ्रम व्हायला लागला. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली हा रोग नोंदवला. पुढे त्याला पेलाग्रा नाव मिळालं. कारण पक्कं समजायला १९३७ साल उजाडलं. इतकी वर्षं लोक मेले, आणि औषध मेक्सिकोच्या प्रत्येक चुलीवर शिजत होतं. बायकांच्या हातातली कृती अडाणी समजून मागे टाकली की काय होतं, याचं याहून कडू उदाहरण मला माहीत नाही. आपण भारतात मक्याबरोबर डाळ, दूध, भाज्या खातो, त्यामुळे तुम्ही साध्या पिठाची भाकरी केलीत तर घाबरायचं कारण नाही.

आणि खरं सांगायचं तर माझ्या घरी टाको होतो तो बहुतेक वेळा तांदळाच्या भाकरीचा. वसईच्या मुलीला तांदळाच्या भाकरीची उकड काय शिकवायची! पाण्याला उकळी, मीठ, तेवढंच पीठ, झाकण, मग गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळायचं. उकडीची भाकरी दुमडते आणि फाटत नाही, हे टाकोला अगदी हवं तेच आहे. फक्त लहान थापायची, वाटीच्या तोंडाएवढी. करून झाली की लगेच जाड फडक्यात एकावर एक आणि वर झाकण. उशिरा येणाऱ्याने तव्यावर आपली आपण गरम करून घ्यायची. माझ्या दृष्टीने सगळ्या बेतात हे एकच कलम मोडायचं नाही.

सारणात आपल्याकडे हात आखडता घ्यायचं कारणच नाही. मेक्सिकोत किनाऱ्यावर तळलेल्या माशाचा टाको करतात. आपल्याकडे पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याचे बोंबील आहेत: साफ करून वजनाखाली दाबून पाणी काढायचं, हळद-तिखट-मीठ, तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळायचे. पण ते पानात पडेपर्यंतच चांगले. साडेसातचे बोंबील नऊच्या गाडीला चालत नाहीत. वाट बघणारं सारण हवं असेल तर कांदा-टोमॅटोवर परतलेली सुकट करा, किंवा बॉटल मसाल्यातली कोळंबी, अंगासरशी रस ठेवून. हा बॉटल मसाला आपल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतून पावसाळ्याआधी वीसहून अधिक जिन्नस भाजून, कुटून बाटल्यांत ठासून भरतात. त्याचा एक चमचा कुठल्याही सारणाला पुरे. पोर्कचं इंद्याल असेल तर ते आदल्या दिवशीच करा, व्हिनेगर मुरलं की दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. मेक्सिको शहरात डुकराच्या मांसाबरोबर अननसाचा काप घालतात. तो टाको लेबनॉनमधून तिथे गेलेल्या लोकांच्या शवर्मावरून आला. इंद्यालाबरोबर अननस घालून बघा.

शाकाहारी सारण दुय्यम समजू नका. वालाचं बिरडं कोरडं करा, थोडं चेचून घ्या आणि ओलं खोबरं पेरा. मेक्सिकन घरातलं घेवड्याचं सारण याच जातीचं. शेजारचं जैन कुटुंब बोलावलं असेल तर कच्च्या केळ्याची भाजी वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावासह, आणि कांद्याची वाटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या भागात एकाच इमारतीत कुणाचा श्रावण, कुणाचा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, कुणाचा गुरुवार असतो. एकच शिजवलेलं सगळ्यांना वाढायचं म्हटलं की यजमानीण मेटाकुटीला येते. वेगळी पातेली मांडली की ज्याचा नेम त्याच्याजवळ राहतो आणि पंगत एकच राहते.

कोशिंबिरी तीनच पुरतात. टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची बारीक चिरून लिंबू पिळलेली. कोबी किंवा मुळा मीठ लावून चुरलेला. आणि घट्ट दह्यातली काकडी. ॲव्होकॅडो महाग आहे, तो नसला तर काही अडत नाही.

या टेबलावर दोन्ही जगांतले जिन्नस एकत्र येतात, याचा मला फार आनंद होतो. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. त्या दोनशे वर्षांच्या इतिहासात जुलूम आहे, धर्मांतरं आहेत, रक्त आहे. त्यावर मी पांघरूण घालत नाही. पण पोर्तुगीजांच्या जहाजांनी अमेरिका खंडातली मिरची, मका, काजू, अननस, पपई, पेरू आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणले, हेही त्याच काळातलं. टोमॅटो आपल्या स्वयंपाकात फार उशिरा रुळला. उलट दिशेने कांदा, कोथिंबीर, लिंबू, तांदूळ आणि डुकरं स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोला गेली. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिला आणि अकापुल्को यांच्यात जहाजं फिरली. आंबा आणि चिंचही तिकडे पोचली. म्हणजे मेक्सिकोच्या टाकोवरची कोथिंबीर इकडच्या जगातली आणि आमच्या बोंबलावरचं तिखट तिकडचं. टाकोला घरात घेताना आपण परक्या माणसाला घेतोय असं मला मुळीच वाटत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना ही रीत आधी रुचत नाही. त्यांचं म्हणणं असं की, पानात वाढलं नाही तर आग्रह कसा करायचा? पाहुण्याने स्वतः घेतलं तर तो यजमानाचा कमीपणा. हा आक्षेप मला खरा वाटतो. आपल्या आदरातिथ्यात दुसऱ्याच्या हातचं वाढलेलं घेण्यात माया आहे, ती मला घालवायची नाही. म्हणून आमच्याकडे पहिली भाकरी भरून घरच्यांनी ज्येष्ठांच्या आणि पाहुण्यांच्या हातात द्यायची, आणि दुसरीपासून ज्याची त्याने. भरायचं काम नातवंडांकडे द्या. आजीला मिरची नको, आजोबांना दातांखाली कडक काही नको, हे त्यांना लक्षात ठेवावं लागतं आणि ती ते नेमकं लक्षात ठेवतात. एरवी मुळा बघून तोंड फिरवणारं पोर स्वतःच्या हाताने भरलेल्या भाकरीतला मुळा खातं, हेही मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

तयारीची वाटणीही आधी करा. चिरायचं काम पुरुषांकडे, वाट्या मांडायचं मुलांकडे. भाकरी जिला किंवा ज्याला उत्तम येते त्याच्याकडे, पण सगळे बसण्याआधी तवा उतरलेला हवा. गोडाला आगाशीकडची सुकेळी ठेवा. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, ना साखर ना तेल. ऐनवेळी काही करावं लागत नाही.

भाकऱ्या उरल्या तर उत्तम. मेक्सिकोत शिळ्या भाकऱ्यांचे तुकडे तळून ते मिरचीच्या रश्श्यात घोळवतात आणि न्याहारीला खातात. तुम्ही त्या कुस्करा, कढीपत्ता-मोहरीची फोडणी द्या, उरलेली टोमॅटोची कोशिंबीर त्यातच परता आणि सकाळच्या गाडीच्या डब्यात भरा.