आजोबांचा मांगर



संयोजकांनी मला एआयवर बोलायला सांगितलं होतं. पण तो विषय तुमच्या फोनवर रोज येतोच. आज मी मांगराबद्दल बोलणार आहे. मुंबईत वाढलेल्या आपल्या मुलांसाठी सांगते, मांगर म्हणजे घरापासून थोडं दूर, कुणग्यांच्या कडेला बांधलेली लाकडी खोपच म्हणा. तिथे गवत, नांगर, जोखड, भाताची मळणी झाल्यावर उरलेलं सगळं राहायचं.

आमचा मांगर आजोबांनी बांधलेला. ऐनाचे सहा खांब, फणसाच्या तुळया, वर मंगलोरी कौलं. (बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला म्हणून ही कौलं मंगलोरी.) मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने वर गेलं, तेव्हा त्याची अर्धी कौलं उडाली आणि पाठोपाठ पावसाळा लागला. काका म्हणाले, पाडूया आणि पत्र्याची शेड घालूया. सातबाऱ्यावर आमच्या घरातली सात नावं आहेत, सहा जणांना ते पटलं. मी एकटीच नको म्हणाले. मला तिथे सुतारकामाची खोली करायची होती. दोन वर्षांत उभा करून दाखव, नाहीतर पत्रा, असं ठरलं.

त्या डिसेंबरमध्ये सुट्टी काढून आले. खांबांचे बुंधे कुजले होते, त्यात मी सिमेंटचा माल भरला, वरून झकास ऑइलपेंट मारला आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. पुढच्या पावसाळ्यानंतर पाहिलं तर रंगाला फोड आलेले आणि स्क्रू ड्रायव्हर खांबात चार बोटं आत गेला. दोनातलं एक वर्ष संपलं होतं.

मग शेजारच्या वाडीतल्या मेस्त्रींकडे गेले. वय ऐंशीच्या घरात. त्यांनी मांगराला एक फेरी मारली आणि विचारलं, "बाय, ह्या दोन खांबांका काय झाला नाय, ता कित्याक?" मी दिवसभर कोडमधल्या चुका शोधते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. कुजलेल्या चारही खांबांच्या बुंध्याला कधीकाळी कोणीतरी सिमेंटचा कठडा केला होता. पूर्वेचे दोन खांब तसेच उघडे राहिले होते, आणि ते ठणठणीत होते. मेस्त्री म्हणाले, "लाकूड भिजला म्हणान कुसना नाय. सुकाक गावला नाय तर कुसता."

नंतर मी वाचून पाहिलं. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. खालचा जांभा सच्छिद्र, तो जमिनीतलं पाणी वर ओढतो. खांबाचं कापलेलं टोक म्हणजे तर नळ्यांची जुडीच, ते पाणी पितं. उघड्या खांबातून ते वाऱ्याने निघून जातं. सिमेंटच्या कठड्यात ते अडकतं. आणि मी काय केलं होतं? तोच कठडा आतूनही भरला होता, वर रंगाचं झाकण लावलं होतं.

मग खरं काम सुरू झालं. एकेका तुळईला स्क्रू जॅकचा टेकू द्यायचा, भार खांबावरून काढायचा आणि कुजका बुंधा चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचा. एका खांबाचे दीड फूट गेले. त्याला ऐनाचाच तुकडा लांब तिरकस सांध्याने जोडला. बाकीच्या तिघांचं कमी गेलं, त्यांच्याखाली काळ्या दगडाचे ठोकळे आणि मध्ये डांबरी फेल्ट. जांभा नको, काळा दगडच, यावर मेस्त्री अडून बसले. वाशांना भुंगा लागला होता, पण तो वरच्या पांढऱ्या लाकडात. आतला गाभा त्याने सोडला होता. पोखरलेलं तासून काढलं, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी दोन वेळा मारलं. ऐनाचं लाकूड आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या वखारीतून आलं. तो मागे बसला आहे, नाव घेतलं तर रागावेल. पैसे घ्यायलाही तो असाच रागावला होता.

एका संध्याकाळी मेस्त्रींनी माझ्या हातात रंधा दिला. मी तो असा धरला की ते हसले. "शाळेत शिकवल्यानी नाय?" मी म्हटलं, "आमका शिवण होता."

तुम्हाला आठवत असेल, कार्यानुभवाच्या तासाला मुलगे मागच्या खोलीत सुतारकामाला जायचे आणि आम्ही मुली वर्गात टाके घालायचो. मी पाणी प्यायच्या निमित्ताने त्या खिडकीपाशी उभी राहायचे. रंध्यातून निघणारी लाकडाची वेटोळी आणि तो वास. एकदा एक वेटोळं उचलून कंपासपेटीत ठेवलं होतं. तक्रार म्हणून सांगत नाही, तेव्हा सगळीकडे तसंच होतं. पण पुढे इंजिनिअर झाले, मोठमोठ्या सिस्टिम्स बांधल्या, त्यातल्या एकीलाही हात लावता आला नाही. रंधा हातात यायला त्रेचाळिसावं वर्ष उजाडलं. पहिलं सरळ वेटोळं निघायला मला नऊ दिवस लागले.

मार्च २०२३ मध्ये कौलं चढली. आता आत एक जड टेबल आहे, भिंतीवर पटाश्या, करवती, गिरमिट. वायरिंग पाइपातून, अर्थिंग नवीन. भुसा असतो म्हणून ठिणगीची भीती, त्यामुळे तिथे मी कंजूषपणा केला नाही. पावसाळ्यात हत्यारांना तेल पुसून ठेवावं लागतं, एक आठवडा विसरलं की गंज. काका रोज सकाळी पेपर घेऊन तिथेच बसतात आणि पत्र्याचा विषय निघाला की चहा मागवतात.

मेस्त्री गेल्या वर्षी गेले. त्यांचा वाकस त्यांच्या मुलाने माझ्याकडे आणून दिला.

दर मे महिन्यात वाडीतली मुलं येतात, मुली जास्त. तुमचीही पाठवा. फक्त श्रावणात नको, तेव्हा फळ्या फुगतात आणि दार उघडत नाही. ते दार मी एकटीने केलंय.