समुद्रवाटेने आलेले शेजारी

काही वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातील एक वयस्क गृहस्थ येथे रायपुरास आमच्या कचेरीत कामानिमित्त आले होते. नाव मुसलमानी, बोलणे अस्सल मराठी. काम आटोपल्यावर मी कौतुकाने म्हणालो, "आपण मराठी फार चांगली शिकलात." ते हसले आणि शांतपणे म्हणाले, "शिकलो नाही साहेब, आईचीच भाषा आहे ती."

मी ओशाळलो. इतिहास हा विषय घेऊन मी एम. ए. झालो, पण या गृहस्थांचा धर्म कोकणात कोणत्या वाटेने आला, याचा विचार मी कधी केला नव्हता. आज तो आपल्यासमोर करावा असे योजिले आहे.

इस्लामच्या आगमनाची गोष्ट निघाली की आपल्या डोळ्यांपुढे घोडदळ उभे राहते. तेराव्या शतकाच्या अखेरीस अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. ती गोष्ट खरी आहे. तिच्यातील रक्तपातही खरा आहे. परंतु ती दुसरी गोष्ट होय. पहिली गोष्ट तिच्याही आधी निदान साडेतीन शतके घडली, आणि ती समुद्रावरून आली.

इ. स. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा अरब प्रवासी चौलास आला होता. अरब लेखक या बंदराला सैमूर म्हणत. तेथे शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता. मसूदी सांगतो की, त्या एका गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व्यापारी होते, तसेच याच भूमीत जन्मलेले मुसलमानही होते. त्यांच्या आपसातील तंट्यांचा निवाडा त्यांच्यातीलच एक प्रतिष्ठित मनुष्य करी. त्याला हुनरमन म्हणत, आणि त्याची नेमणूक राजा करीत असे. येथे कोणी कोणाला जिंकलेले नव्हते. राजा हिंदू होता, व्यापारी मुसलमान होते, आणि बंदराची भरभराट दोघांनाही हवी होती.

ही वस्ती झाली कशी? याचे एक मोठे कारण वाऱ्यात आहे. नैर्ऋत्येचे वारे अरबी गलबतांना आपल्या किनाऱ्याकडे आणीत आणि हिवाळ्यातील ईशान्येचे वारे त्यांना परत नेत. अनुकूल वारा सुटेपर्यंत व्यापाऱ्याला बंदरात थांबावे लागे. थांबायचे म्हणजे घर आले, वखार आली, उधारी आली, आणि उधारीबरोबर शब्दाची पत आली. पुढे विवाहसंबंध जुळले, मुले झाली, आणि ती मुले स्वाभाविकपणेच आईची भाषा बोलू लागली.

आमच्या रायपुरात महंत घासीदास वस्तुसंग्रहालय आहे. तेथील जुने लेख पाहताना नेहमी जाणवते की, दानपत्र कोरणाऱ्या कारकुनाला शेकडो वर्षांनंतरच्या वादांची कल्पना नसते. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. अशीच एक साक्ष पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटात आहे. तो राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्या वेळी संजाण प्रांताचा कारभार मुहम्मद नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. संस्कृत लेखकाने त्याच्या नावाचे मधुमति असे गोड रूप केले आहे. या अधिकाऱ्याने नद्यांवर विनामूल्य तरीची सोय केली आणि भात, कालवण व तूप मिळेल असे अन्नछत्र उघडले. अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला सम्राटाच्या संमतीने जमीन दिली, तीही यानेच. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या मला हा ताम्रपट वाचताना परका वाटत नाही. तर, अन्नछत्र, देवस्थानाची जमीन : हा तर आपल्याच दप्तरातील मजकूर!

गोव्यातही हेच दिसते. कदंब राजा पहिला जयकेशी याच्या इ. स. १०५९ च्या ताम्रपटात ताजिक कुळातील छडम याचा उल्लेख आहे. राजाच्या पदरी असलेल्या या गृहस्थाने गोव्यात मशीद उभारली. ताम्रपटात तिला 'मिजिगिती' म्हटले आहे, आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवरील करातून तरतूद केलेली आहे.

या समुद्रवाटेची खूण आजही पुसलेली नाही. उत्तर हिंदुस्थानातील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे आहेत. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. हाच शाफई पंथ मलबारात, दक्षिण अरबस्तानात, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि इंडोनेशियात आढळतो. जगात मुसलमानांची सर्वांत मोठी संख्या असलेल्या देशांत इंडोनेशियाची गणना होते, आणि तेथे कोणतीही अरबी फौज उतरली नव्हती. नकाशावर या शाफई किनाऱ्यांना जोडणारी रेघ ओढली, तर ती गलबतांचीच वाट होते.

या वाटेने आलेल्यांच्या वंशजांनी या भूमीला काय दिले? माहीमचे मखदूम अली माहिमी यांनी चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या संधिकाळात कुराणावर अरबी भाष्य लिहिले. त्यांच्या दर्ग्यावर आजही सर्व धर्मांचे लोक जातात. चिपळूणजवळच्या मिरजोळीत १९३२ मध्ये जन्मलेल्या हमीद दलवाई यांनी 'इंधन' ही कादंबरी लिहिली, ती मराठीत. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोकणातील मुसलमान केपटाऊनला जाऊन वसले, तेव्हा ते आपली कोकणी बोली बरोबर घेऊन गेले. स्थलांतराने आलेले लोक पुन्हा स्थलांतराला निघाले. मात्र या वेळी ज्या गावाची आठवण त्यांनी जपली, ते गाव कोकणातले होते.

फौजेची नोंद बखरकार करतो, कारण ती एका दिवसात येते. शेजार पिढ्यान्‌पिढ्या घडतो, म्हणून त्याची नोंद सहसा कोणी करीत नाही. इतिहासातील आघात विसरावेत असे मी म्हणणार नाही. परंतु केवळ आघातच लक्षात ठेवला, तर हजार वर्षांच्या शेजाऱ्याला आपण पाहुणा समजू लागतो आणि त्याच्या मातृभाषेबद्दल त्याचेच कौतुक करून बसतो.

त्या गृहस्थांची पुन्हा गाठ पडली, तर मी त्यांना एवढेच विचारीन, "आपले गाव कोणते?" कोणत्याही दोन मराठी माणसांनी एकमेकांना विचारावे, तसे.